कानातल्या थेंबांच्या दोन बाटल्या: एकीनं कातडी सोलली, दुसरी घशाला कडू लागली

लोकांना वाटतं, गाणारीचं पोट गळ्यावर चालतं. शिकवणारीचं पोट कानावर चालतं. मी मिरजेत घरीच गाण्याचे वर्ग घेते, सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते आठ. समोर बारा-तेरा मुली एकदम सूर लावतात आणि त्यातली कुठली पाव पट्टी उतरली ते मला ओळखावं लागतं. म्हणून या पावसाळ्यात माझ्या डाव्या कानात जे दोन थेंब गेले, त्यांच्याविषयी नीट आणि सविस्तर लिहिते आहे. कान दुखला की आपण किती सहज औषधाच्या दुकानात जाऊन "कानात घालायचे थेंब द्या" म्हणतो! मीही तेच केलं.

कंपन्यांची नावं लिहीत नाही. दोष कंपनीचा नव्हता, आणि तेच औषध पंचवीस नावांनी मिळतं. वाचायचं ते मोठ्या रंगीत अक्षरातलं नाव नव्हे, त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं औषधाचं नाव. माझी पहिली बाटली होती बीटामेथासोन आणि नियोमायसिन यांची. दुसरी सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन यांची. दोन्हींत एक जंतू मारणारं औषध आणि एक सूज उतरवणारं स्टेरॉइड. वाचायला अगदी सख्ख्या बहिणी वाटतात. तशा त्या नाहीत.

गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाच्या धावपळीत कान खाजायला लागला. बाहेर संततधार, केस वाळत नव्हते, त्यात दिवसभर कानात इअरफोन घालून मुलींच्या तालमीची रेकॉर्डिंग ऐकत होते. खाज सुटली की हाताला लागेल त्यानं कोरायचं ही माझी जुनी खोड, कधी काडी, कधी केसांचा आकडा. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी भाकरीचा घास चावताना डाव्या कानात असा ठणका उठला की डोळ्यांत पाणी आलं. कानाची पाळी जरा ओढली तरी कळ जायची. (हे लक्षण लक्षात ठेवा. पाळी ओढल्यावर किंवा कानाच्या तोंडाशी असलेला कूर्चेचा छोटा उंचवटा दाबल्यावर दुखलं, तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीत असतं.)

फ्रिजच्या दारात ह्यांच्या कानासाठी दिवाळीत आणलेली बाटली होती. अर्धी भरलेली. कधी उघडली ते कुठं लिहिलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, लसणीचं तेल कोमट करून घाल. त्यांच्या हातून ते तेल या घरातल्या सगळ्यांच्या कानात गेलंय आणि त्या ते मायेनंच म्हणाल्या, पण मला वाटलं औषधच बरं. चार थेंब घातले, कापसाचा बोळा लावला आणि वर्ग घ्यायला बसले.

पहिल्या दिवशी आराम पडला. खरंच पडला. स्टेरॉइडनं सूज आणि खाज पटकन उतरते. दुसऱ्या दिवशी बाटली संपत आली म्हणून मुलीला पाठवून तीच नवी आणवली. खोक्याच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ होती. त्या रेघेचा अर्थ असा, की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही, मीही मुलीजवळ दिली नव्हती. त्याच्याइतकीच चूक माझी.

तिसऱ्या दिवशी खाज परत आली. पण ही खाज वेगळी होती. आधीची आत, खोल होती. ही बाहेर, पसरलेली. मला वाटलं, जंतू वाढले. म्हणून थेंब दोनदाऐवजी तीनदा घालायला लागले. चौथ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर कानाच्या वाटीतून पाळीवर, पाळीवरून मानेवर, बोटभर रुंदीचा लालभडक पट्टा उमटलेला. त्यावर मोहरीएवढे बारीक फोड, काही फुटून पाणी सुटलेलं. उशीवर पिवळट डाग. कानाचं भोक सुजून जवळजवळ मिटलं होतं. तानपुरा लावायला घेतला, तर खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो तो डाव्या कानाला लागेचना. उजवीकडं मान वळवली की आहे, डावीकडं वळवली की नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरबाईंकडं गेले 27 जुलैला. त्यांनी कानात पाहायच्या आधी मानेकडं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठले थेंब घातलेत?"

मी पर्समधून बाटली काढून दिली. त्यांनी ती दिव्याखाली धरून वाचली आणि मग त्या पट्ट्यावरून, न टेकवता, बोट फिरवत म्हणाल्या, "बघा, थेंब ओघळून जिथं जिथं गेला, तिथं तिथं रेघ काढल्यासारखं उठलंय. जंतू असे रेघ आखून जात नाहीत."

ती नियोमायसिनची ॲलर्जी होती. मला हे नवीन होतं, पण त्वचेच्या डॉक्टरांना मुळीच नवीन नाही. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची एक संस्था दरवर्षी एका पदार्थाला 'वर्षाचा ॲलर्जन' म्हणून जाहीर करते, आणि 2010 साली तो मान नियोमायसिनला मिळाला होता. औषध जुनं आहे, 1949 सालचं. स्ट्रेप्टोमायसिन ज्यांच्या प्रयोगशाळेत सापडलं त्या वाक्समन यांनीच एका सहकाऱ्याबरोबर शोधलेलं. पिढ्यान् पिढ्या मलमांतून, थेंबांतून ते लोकांच्या कातडीला लागत आलंय, आणि कातडी एकदा त्याला ओळखायला शिकली की विसरत नाही. ही ॲलर्जी थेंब घातल्याबरोबर उठत नाही. एक-दोन-तीन दिवस जातात. म्हणून आपल्याला थेंबांचा संशय येत नाही. वर स्टेरॉइड त्याच बाटलीत असल्यानं ते ॲलर्जी थोडी झाकूनही ठेवतं. आपण समजतो दुखणं वाढलं, आणि ज्याच्यामुळं वाढलं तेच आणखी घालतो. मी तेच केलं होतं.

"पण मी हे औषध आधी कधी घेतलंच नाही," मी म्हणाले.

"कापलं, भाजलं की घरी काय लावता?"

फ्रामायसेटिनचं मलम. आमच्याकडं ते देवघरातल्या हळदीकुंकवाइतकंच कायम हाताशी असतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं की फ्रामायसेटिन आणि नियोमायसिन जवळजवळ एकच, फ्रामायसेटिन म्हणजे नियोमायसिनचाच मुख्य घटक. कित्येक वर्षं विळीचं कापलेलं, तव्याचं भाजलेलं, सगळ्यावर ते चोळत आले होते. माझ्या कातडीची ओळख तिथं झाली होती. जेंटामायसिन आणि टोब्रामायसिन हीही त्याच कुळातली, त्यामुळं त्यांच्या थेंबांपासूनही मला जपून राहायला सांगितलं आहे. बरं वाटल्यावर त्वचेच्या डॉक्टरांकडं पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी झाली. दोन दिवसांनी पट्टी काढून बघतात आणि आणखी दोन दिवसांनी परत. नियोमायसिनच्या चौकोनात लाल फोड उठले. शंका उरली नाही.

म्हणून पहिल्या बाटलीला मी तारे देत नाही. ज्यांना चालतं त्यांना चालतं, ह्यांना गेल्या वर्षी उत्तम चाललं होतं. पण हे औषध स्वतःच्या मनानं कानात घालण्यासारखं नाही, आणि त्याचं ॲलर्जीपेक्षा मोठं कारण पुढं सांगते.

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी बारीक नळीनं आतला घाण पू ओढून काढला. त्यात दहा मिनिटं गेली. दुखलं. पण सगळ्या उपचारात निम्मं बरं वाटलं ते त्यानंच. कान पूने आणि मळानं भरलेला असेल तर वरून कितीही थेंब ओता, ते घाणीवर तरंगतात. भोक फार सुजलं होतं म्हणून पातळ कापडाची एक वात आत सरकवली. थेंब त्या वातीवर घालायचे, ती भिजून औषध आत पोचवते. दोन दिवसांनी वात काढली.

सुजेमुळं कानाचा पडदा मात्र त्यांना दिसला नाही. त्यांनी विचारलं, लहानपणी कान फुटला होता का? मी म्हटलं, हो, तिसरी-चौथीत असताना दोन पावसाळे वाहत होता, मग आपोआप थांबला. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "पडदा दिसत नाही तोवर त्याला भोक आहे असंच धरून चालायचं." आणि दुसरी बाटली लिहून दिली. सिप्रोफ्लॉक्सासिन 0.3 टक्के, डेक्सामेथासोन 0.1 टक्का, चार थेंब, दिवसातून दोनदा, सात दिवस. मागं एकदा दुसऱ्या डॉक्टरांनी पोटात घ्यायच्या गोळ्यांचा कोर्स दिला होता, म्हणून विचारलं, गोळ्या नकोत? नकोत म्हणाल्या. 0.3 टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 3 मिलिग्रॅम औषध थेट दुखऱ्या जागी. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून कानाच्या कातडीपर्यंत पोचेपर्यंत त्याच्या आसपासही उरत नाही. बाहेरच्या कानाच्या साध्या संसर्गाला थेंबच पुरतात. मधुमेह असेल, ताप असेल, सूज कानाबाहेर पसरली असेल तर गोष्ट वेगळी.

आता दुसऱ्या बाटलीविषयी.

बाटली 5 मिलिची. झाकण घट्ट पिळलं की झाकणातलं टोक बाटलीच्या तोंडाला भोक पाडतं. हे भोक सुईनं किंवा टाचणीनं पाडू नका. मोठं पडतं, थेंब मोजता येत नाहीत, आणि टाचणीवरचं काय काय आत जातं. थेंब छान सुटा पडतो, धार लागत नाही. खोक्यावर सूचना इंग्रजीत, अक्षर इतकं बारीक की चष्म्यावर भिंग धरावं लागलं. मराठीत एक ओळ नाही. आत माहितीचा कागद नाही. दुष्परिणामांविषयी खोक्यावर काहीही नव्हतं. यासाठी मी एक तारा कापते आहे, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं. जे औषध आपण माणसाच्या कानात घालायला देतो, त्यानं काय काय होऊ शकतं हे त्याला कळेल अशा भाषेत चार ओळींत सांगायला काय हरकत आहे?

पहिला परिणाम पहिल्याच रात्री. औषध उकाड्यात खराब होईल म्हणून मी बाटली फ्रिजमध्ये ठेवली होती. मुलीनं तशीच काढून चार थेंब घातले. मोजून पाच-सहा सेकंद गेले आणि पलंग फिरायला लागला. नुसती भोवळ नाही, छताचा पंखा बंद होता आणि तो पंख्यासकट छत फिरतंय असं दिसत होतं. मळमळलं. मी मुलीचा हात घट्ट धरून पडून राहिले. दीड-दोन मिनिटांत थांबलं, पण भीती रात्रभर राहिली. सकाळी फोन केला तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "थंड घातलेत ना?"

कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. गार थेंबानं एका बाजूचं पाणी गार होतं, त्यात प्रवाह सुरू होतो, आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. व्हिएन्नातले डॉक्टर रॉबर्ट बारानी कान धुताना हेच पाहत होते, पाणी गार असलं की पेशंटला गरगरायचं, आणि फार गरम असलं तरीही. त्या निरीक्षणावरून त्यांनी तोलाची जी चाचणी बसवली ती आजही करतात, आणि त्या कामासाठी त्यांना 1914 सालचं नोबेल मिळालं. बक्षीस जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. हे सगळं मला नंतर वाचून कळलं, आणि त्या रात्री कळलं असतं तर रडू आलं नसतं. उपाय एवढाच, की बाटली मुठीत दोन मिनिटं धरायची. उकळत्या पाण्यात बुडवायची नाही. त्यानंतर एकदाही फिरलं नाही.

दुसरा परिणाम किरकोळ. थेंब घातल्यावर मिनिटभर झोंबायचं, पहिले दोन दिवस. मग तेही गेलं. घातल्यावर अर्धा तास कान बंद झाल्यासारखा वाटायचा, आपलाच आवाज घागरीत बोलल्यासारखा. सकाळच्या वर्गाआधी घालू नका, निदान गाणाऱ्यांनी तरी नको. मी वर्ग संपल्यावर साडेआठला आणि रात्री साडेनऊला घालत होते.

तिसरा परिणाम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सावकाश सांगते.

चौथ्या रात्री सूज बरीच उतरली होती. मी उजव्या कुशीवर झोपले, मुलीनं माझा कान वर आणि मागं ओढून थेंब घातले (मोठ्यांचा वर आणि मागं, अगदी लहान मुलांचा खाली आणि मागं, कारण नळी वळणाची असते), मग कानापुढचा उंचवटा बोटानं चार-पाच वेळा हलकेच दाबला. पडून होते. आणि घशाच्या मागच्या बाजूला कडू लागलं. कारल्यासारखं नाही, गोळी जिभेवर विरघळल्यावर लागतं तसं औषधी कडू. जेवून दोन तास झाले होते. तोंडात काही नव्हतं. मी आवंढा गिळला तर जास्तच कडू.

मला वाटलं, भास. पाचव्या सकाळी परत तेच. डॉक्टरबाईंना फोन केला. पलीकडं क्षणभर शांतता, मग म्हणाल्या, "औषध चालू ठेवा, घाबरू नका. पण शनिवारी नक्की या."

कानाचा पडदा धड असेल तर बाहेरच्या नळीत घातलेला थेंब तिथंच राहतो. नळी सुमारे अडीच सेंटिमीटरची, शेवटी पडदा, पुढं वाट बंद. त्या थेंबाला घशात यायला रस्ताच नाही. तो आला, म्हणजे पडद्याला भोक होतं. पडद्यामागच्या पोकळीतून एक नळी घशाच्या वरच्या भागात उघडते (विमानात कान दडे बसल्यावर आवंढा गिळून आपण जी मोकळी करतो ती), तिथून औषध उतरलं होतं. बाटलीवर न लिहिलेली एक बातमी माझ्या घशानं दिली होती. तिसरी-चौथीत फुटलेला पडदा कधी पूर्ण सांधलाच नव्हता. तेव्हापासून आजवर, मला पत्ता नाही.

आणि तेव्हा मला पहिली बाटली आठवली, आणि अंगावर काटा आला. नियोमायसिन, जेंटामायसिन ही औषधं ज्या कुळातली आहेत, ते कूळ आतल्या कानाला विषारी आहे. शंखासारख्या भागातल्या ज्या बारीक केसांच्या पेशी ध्वनी पकडतात त्या ती मारू शकतात, आणि त्या पेशी माणसात परत उगवत नाहीत. पडदा शाबूत असेल तर थेंब तिथवर पोचत नाहीत. भोक असेल तर पोचू शकतात. बधिरपणा, कानात सतत गुंई आवाज, तोल जाणं, हे सगळं त्यातून होऊ शकतं. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ओफ्लॉक्सासिन यांच्या थेंबांना तो धोका नाही, म्हणूनच डॉक्टरबाईंनी पडदा न दिसताच तेच निवडलं होतं. मी मात्र चार दिवस, शेवटी तीन-तीनदा, भोक असलेल्या कानात नियोमायसिन ओतलं होतं. शनिवारपर्यंतच्या त्या दोन रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. तानपुरा हातात घेतला नाही. नसला गंधार तर?

शनिवारी कान कोरडा होता. सूक्ष्मदर्शकातून बघून डॉक्टरबाईंनी पडद्यावर ज्वारीच्या दाण्याहून लहान भोक असल्याचं सांगितलं. मग कप्प्यातून शाळेत विज्ञानाच्या तासाला दाखवतात तसा नादकाटा काढला. त्यावर 512 आकडा कोरलेला. कोपरावर टकटक करून त्यांनी त्याचा दांडा माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. पेटीवरच्या पांढरी एकच्या तार षड्जापेक्षा किंचित उतरलेला, स्वच्छ, एकसंध सूर.

"कुठल्या कानात मोठा वाटतो?"

मी डोळे मिटले. "डाव्या."

माझ्या पोटात गोळा आला, कारण दुखणं डावीकडचं. पण डॉक्टरबाई हसल्या. "छान. आतला कान गेला असता तर तो उजवीकडं मोठा वाटला असता. बाहेरून येणारा आवाज भोकामुळं कमी पोचतोय, म्हणून हाडातून गेलेला तिकडं जास्त ऐकू येतो."

पुढच्या आठवड्यात बंद खोलीत रीतसर श्रवण चाचणी झाली. हवेतून ऐकण्याची डाव्या कानाची रेघ 30 डेसिबलवर, हाडातून ऐकण्याची 10 वर. म्हणजे शंख शाबूत. चार दिवस थोडे होते आणि भोक सुजेखाली झाकलं होतं, त्यामुळं निभावलं, असं त्या म्हणाल्या. सगळ्यांचं निभावेलच असं त्या म्हणाल्या नाहीत.

आणखी एक दुष्परिणाम माझ्यावर आला नाही, पण ताईवर आला. ताई रत्नागिरीची. तिला सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब सात दिवसांसाठी दिले होते, तिनं बरं वाटतं म्हणून महिनाभर घातले. कानात जंतूंबरोबर बुरशीही असते, आणि जंतू एकमेकांवर वचक ठेवून असतात. महिनाभर औषधानं जीवाणू मारले, स्टेरॉइडनं प्रतिकार दबला, कोकणातल्या पावसाची दमट हवा होतीच. बुरशीला मोकळं रान. कान दुखण्यापेक्षा खाजायला लागला, भरल्यासारखा झाला. तिच्या डॉक्टरांनी काढलेली घाण तिनं पाहिली, भिजलेल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यासारखी, करडी, वर काळे ठिपके. मग तीन आठवडे क्लोट्रिमाझोलचे थेंब आणि दर आठवड्याला सफाई. सात दिवस म्हणजे सातच दिवस हे तिच्याकडून मला कळलं होतं, म्हणून मी आठव्या दिवशी थांबले.

दुसऱ्या बाटलीला पाचपैकी चार तारे. सूज तीन दिवसांत, ठणका दोन दिवसांत गेला. कडू लागणं हा दोष नाहीच, ती तर खबर होती. तुम्हालाही कानात थेंब घातल्यावर घशात चव लागली तर ती भास म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा, आणि बाटलीत नियोमायसिन किंवा जेंटामायसिन असेल तर पुढचा थेंब घालायच्या आधी सांगा. कानाबाहेर पुरळ पसरलं, ऐकू कमी यायला लागलं, गुंई सुरू झाली, कोमट थेंबानंही गरगरलं, किंवा दोन-तीन दिवसांत दुखणं उतरण्याऐवजी चढलं, तर थेंब थांबवून दाखवायला जा. अंगावर गांधी उठून ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा. आणि कानाचे म्हणून लिहिलेले थेंब चुकूनही डोळ्यात घालू नका. डोळ्यांचे थेंब डॉक्टर कधी कधी कानासाठी देतात, उलटं चालत नाही.

औषधाचा त्रास झाला तर सरकारकडं कळवता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा मोफत फोन आहे. पेशंटलाही तक्रार नोंदवता येते, डॉक्टरच लागतात असं नाही. मी नियोमायसिनचं कळवलं.

सध्या अंघोळीला डाव्या कानात व्हॅसलीन लावलेला कापूस असतो. काडी, आकडा बंद. दिवाळीनंतर पडद्याच्या ऑपरेशनचं ठरवायचं आहे. पर्समध्ये आणि घरातल्या औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'नियोमायसिन, फ्रामायसेटिन चालत नाही. डाव्या पडद्याला भोक.' फ्रामायसेटिनचं मलम डब्यातून काढलं तेव्हा सासूबाई नाराज झाल्या, पण मानेवरचा पट्टा त्यांनी पाहिला होता, काही बोलल्या नाहीत.

शनिवारी घरी आल्यावर आधी हात धुतले आणि तानपुरा लावला. खर्ज छेडली, डावा कान भोपळ्याकडं नेला. गंधार होता. उजवीकडच्यापेक्षा लांबून येत होता, पण होता.

दुसरी बाटली उघडली त्याच दिवशी मी तिच्यावर मार्करनं '27 जुलै' लिहिलं होतं. उघडल्यापासून महिनाभराच्या पुढं वापरू नये असं तिच्यावर छापलेलं आहे. 24 ऑगस्टला ती टाकली. अर्धी भरलेली होती.